गाडी तापली की आधी रेडिएटरचं झाकण बघा

मंडळी, मे महिन्यातली गोष्ट, ठाण्याहून घरी येत होतो, कसारा घाट चढताना सहज लक्ष गेलं तर टेंपरेचरचा काटा लाल पट्टीला टेकलेला. गाडी २००८ ची, १५ वर्षं झाल्यावर आरटीओत पासिंग करून पुढची ५ वर्षं वाढवून घेतलेली. आईला दवाखान्यात न्यायला हीच, पोरीला बारावीच्या सेंटरवर सोडायला पण हीच, त्यामुळे भंगारात द्यायचा विषयच नाही. एसी बंद केला, हीटर फुल केला, म्हणजे इंजिनची थोडी उष्णता तिकडून निघून जाते, आणि रुंद जागा बघून कडेला लावली. बोनेट उघडून बघतो तर कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची बाटली मार्कपर्यंत भरलेली! मग गाडी तापली कशाने?

थांबत थांबत कसंबसं नाशिक गाठलं. मेकॅनिकने बघितलं न बघितलं आणि सांगितलं, गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय, हेड उतरवावं लागेल. मी म्हटलं एक दिवस द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडलं (गरम असताना कधीच उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं), बोट घातलं तर आत कूलंट लागेचना. बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा. झाकण उलटं करून बघितलं, खालचं रबर कडक होऊन चिरलेलं. आता बघा, कूलंट तापलं की फुगून बाटलीत जातं आणि इंजिन गार झालं की त्याच झाकणातल्या छोट्या व्हॉल्व्हमधून परत ओढलं जातं. रबर चिरलं की कूलंटऐवजी हवाच आत जाते, म्हणजे रोज थोडं थोडं रिकामं होत होतं आणि मी रोज बाटली बघून निश्चिंत. शिवाय हे झाकण प्रेशर धरतं, म्हणून कूलंट १०० डिग्रीला उकळत नाही. त्यावर ०.९ किंवा १.१ असा प्रेशरचा आकडा असतो, नवीन घेताना तोच घ्या. नाशिकच्या द्वारकाला दुकानात दोनेकशे रुपयांत मिळालं. गाडी एकदा तापलीये म्हणून ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय धरतेय का (म्हणजे गॅस्केट जाऊन कूलंट ऑइलमध्ये मिसळतंय का) तेही तपासलं, नव्हती. त्यानंतर घाट दोनदा चढलो, काटा अर्ध्याच्या वर गेला नाही.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे, पार्ट बदलायच्या आधी गाडी कधी त्रास देते ते नीट बघा. मुंबई नाक्याच्या सिग्नलला उभी असताना तापते आणि हायवेला गार होते? मग आधी फॅन, त्याचा रिले आणि फ्यूज बघा. उलट हायवेला, चढाला तापते? मग कूलंट कमी असेल, रेडिएटर चोकअप असेल नाहीतर थर्मोस्टॅट (कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अडकला असेल.

बॅटरीचंही तसंच. आपल्याकडे डिसेंबरच्या थंडीत सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक टक होतं आणि लोक डायरेक्ट नवीन बॅटरी घेऊन येतात. साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं म्हणजे चार्ज आहे, स्टार्ट केल्यावर १३.८ ते १४.४ दिसायला हवं. चालू गाडीत पण १२ च्याच घरात राहिलं तर चार्जिंगच होत नाहीये, आधी बेल्ट आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बघा, नाहीतर नवीन बॅटरीसुद्धा महिन्याभरात बसेल. आणि त्याही आधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी, वायर काढून गरम पाण्याने धुवा, कित्येकदा तेवढ्यावरच भागतं.

स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना पुढच्या चाकातून कट कट आलं तर ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) जॉइंट गेलाय समजा, त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं असतं. बूट फाटल्या फाटल्या बदललं तर जॉइंट वाचतो.

ब्रेक ऑइल मात्र टाळू नका, हात जोडून सांगतो. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि घाट उतरताना ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, पेडल भसकन खाली जातं. दर २ वर्षांनी बदला, गाडी कमी चाललेली असली तरी.