पाहुणे जगाचे, यजमान अनेक

श्रोते हो, नमस्कार.

तेलउद्योगाची जागतिक परिषद पहिल्यांदा भरली 1933 साली, लंडनमध्ये. अवकाश क्षेत्राची 1950 मध्ये पॅरिसला. दोन्ही आजही भरतात आणि दर वेळी मुक्काम हलवतात. म्हणजे नाव, परंपरा आणि नियम एका संस्थेचे; घर मात्र दर खेपेला दुसऱ्याचं. यजमान देशातली समिती पुढे होते, शहराची पर्यटन यंत्रणा तिच्या पाठीशी उभी राहते, सरकारची दोन-चार खाती येतात. शिवाय सभागृहाचे मालक, प्रायोजक कंपन्या आणि सगळी धावपळ अंगावर घेणारी व्यावसायिक आयोजक संस्था. मोठ्या परिषदेचं यजमानपद काही वर्षं आधीच ठरतं. तिथपासून शेवटचा हिशेब मिटेपर्यंत या सगळ्यांनी एकत्र नांदायचं असतं.

आणि प्रत्येकाचं गणित वेगळं. शहराला हॉटेलं भरायला हवी असतात. प्रायोजकाला व्यासपीठावर नाव हवं असतं, जमलंच तर भाषणही. मूळ संस्थेला परिषदेच्या उत्पन्नावर पुढचा कारभार चालवायचा असतो. शोधनिबंध तपासणाऱ्या तज्ज्ञांना दर्जा सांभाळायचा असतो, आणि त्यांनी नाकारलेला निबंध नेमका मोठ्या प्रायोजकाच्या माणसाचा निघतो. पहिल्या बैठकीत ‘आपण सगळे मिळून करू’ असं जो तो म्हणतो. मला ते वाक्य ऐकलं की धास्ती वाटते. निबंधांबाबत शेवटचा शब्द कोणाचा, खर्चाला मंजुरी कोणाच्या सहीने, शिल्लक राहिली तर ती कशी वाटायची आणि तूट आली तर कोणी भरायची, हे सगळं उत्साह ताजा आहे तोवरच कागदावर यायला हवं. शिलकीबद्दल सगळे भरभरून बोलतात. तुटीचा विषय काढला, की लोक घड्याळाकडे बघायला लागतात.

हॉटेलच्या खोल्यांचंच घ्या. हजारो प्रतिनिधी येणार म्हणून खोल्या खूप आधी राखून ठेवाव्या लागतात. हॉटेल सवलतीचा दर देतं, पण करारात एक कलमही घालतं : ठरलेल्या प्रमाणात खोल्या गेल्या नाहीत, तर उरलेल्यांचे पैसे आयोजकांनी भरायचे. मग होतं असं, की एखादा प्रतिनिधी इंटरनेटवर शोधतो, त्याच हॉटेलात तीच रात्र त्याला थोडी स्वस्त मिळते आणि तो परस्पर खोली घेतो. हॉटेल भरलेलं, माणूस आपलाच, तरी आपल्या खात्यावर खोली रिकामी! मुरलेले आयोजक म्हणूनच करारात आधी लिहून घेतात, की प्रतिनिधींची यादी हॉटेलच्या यादीशी ताडून पाहायची आणि परस्पर आलेल्यांनाही आपल्या आकड्यात धरायचं. पण हे लिहून घ्यायचं कोणी? मूळ संस्थेला वाटतं यजमान समितीने, समितीला वाटतं आयोजक कंपनीने. तोवर सह्या होऊन जातात.

उद्योगाच्या परिषदेला आणखी एक पथ्य असतं. एरवी बाजारात एकमेकांचे गळे धरणाऱ्या कंपन्या इथे एका टेबलाशी बसतात. अनेक देशांत स्पर्धाविषयक कायदे कडक आहेत. प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन भाव ठरवणं, ग्राहक वाटून घेणं किंवा उत्पादन किती करायचं ते संगनमताने ठरवणं हा तिथे गुन्हा ठरू शकतो. म्हणून पुष्कळ संघटना बैठकीच्या सुरुवातीला ‘असलं काही इथे बोलायचं नाही’ असं एक निवेदन वाचून दाखवतात, विषयपत्रिकेबाहेर जात नाहीत, कधी कधी वकीलही शेजारी बसवतात. निवेदन वाचलं जात असताना निम्मी मंडळी फोनमध्ये डोकं घालून असतात, ते वेगळं.

प्रदर्शनाचं सामान हा तर स्वतंत्र संसार आहे. यंत्रं परदेशातून काही दिवसांसाठी येतात आणि परत जातात, त्यांच्यावर आयातशुल्क का भरायचं? यासाठी 1961 च्या आंतरराष्ट्रीय कराराने एटीए कार्नेट, म्हणजे सामान तात्पुरतं शुल्काविना आणून परत नेण्याचा कागद, ही सोय झाली. व्यापारी मंडळं हे कागद देतात, शुल्काची हमीही त्यांच्याच साखळीतून असते आणि मुदत जास्तीत जास्त वर्षभराची. पण माहितीपत्रकं, फुकट वाटायची पेनं, चाखायचे नमुने हे काही परत जाणार नसतात. ते कार्नेटमध्ये बसत नाहीत. परिणामी अवाढव्य यंत्र सुरळीत दालनात पोचतं आणि पत्रकांचा खोका सीमाशुल्काच्या गोदामात पडून राहतो. इथे यजमान देशातला भागीदार कामाला येतो. कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो हे त्यालाच ठाऊक असतं.

दुभाष्यांबद्दल दोन शब्द, कारण त्यांची आठवण सगळ्यात उशिरा होते. दुभाषी आत बसून भाषांतर करतात त्या हलवता येणाऱ्या कक्षासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. दोन दुभाषी बसणार असतील तर आतून किमान 1.60 मीटर रुंद, 1.60 मीटर खोल आणि 2 मीटर उंच. एक बोलतो तेव्हा दुसरा आकडे टिपून देतो, आणि साधारण अर्ध्या तासाने जागा बदलतात. त्याहून जास्त वेळ एकट्याने ओढलं की चुका वाढतात. सभागृहाचा आराखडा मांडवकाम करणाऱ्यांकडे, कार्यक्रम समितीकडे, दुभाषी तिसऱ्याच कंपनीचे. तिघांनी एकच नकाशा पाहिलेला नसेल, तर कक्ष अशा कोपऱ्यात जातो जिथून वक्त्याचा चेहराच दिसत नाही.

आता सगळ्यात मोठी परीक्षा. मोबाइल उद्योगाची जागतिक परिषद, मोबाइल वर्ल्ड काँग्रेस, 2006 पासून बार्सिलोनात भरते. परिषद मोबाइल कंपन्यांच्या जीएसएमए या संघटनेची. सोबत शहर, ते ज्या प्रांतात आहे त्या कातालोनियाचं सरकार, स्पेनचं सरकार आणि प्रदर्शन केंद्र. एक लाखाहून जास्त लोक येतात. 2020 ची परिषद 24 फेब्रुवारीला सुरू व्हायची होती. करोनाच्या भीतीने एलजी, एरिक्सन, सोनी, ॲमेझॉन, इंटेल अशा कंपन्या एकेक करून माघार घेत गेल्या आणि 12 फेब्रुवारीला संघटनेने परिषद रद्द केली. गंमत अशी, की परिषद रद्द करावी असं सार्वजनिक आरोग्याचं कारण नाही, अशी स्पेनच्या आरोग्य खात्याची त्या वेळी भूमिका होती. सरकारी बंदी असती तर कोणाला काही बोलायला जागा नव्हती. इथे बंदी नव्हती आणि पाहुणेही येत नव्हते. भागीदारांचं भांडण पेटायला एवढं पुरे होतं. त्यांनी केलं काय, तर 2023 पर्यंतचा करार एका वर्षाने वाढवून 2024 पर्यंत नेला. हातचं वर्ष गेलं, ते पुढे जोडून दिलं. मला ही तोड फार शहाणपणाची वाटते.

त्यानंतर कार्यक्रम रद्द होण्याच्या विम्यातून साथीचे रोग बहुतेक कंपन्यांनी वगळले. धोका परत भागीदारांच्याच गळ्यात आला. परिषद रद्द कोणी करायची, किती दिवस आधी आणि तोवर झालेला खर्च कोणत्या प्रमाणात वाटून घ्यायचा, याचं वेगळं परिशिष्ट आता करारालाच जोडावं लागतं. यजमानपदासाठी अर्ज करणाऱ्या शहराने त्याचा मसुदा पहिल्याच फेरीत मागून घ्यावा. यजमानपदाची घोषणा होऊन फोटो छापून आले, की मग घासाघीस करायची ताकद उरत नाही.

नमस्कार.