डाळिंबाची साल आणि आज्जीची कवळी

(दृश्य : सोलापूरची बाजार समिती. क्रेट उतरवणारे हमाल, चाललेली बोली, मधोमध कापून दाखवलेलं भगवं डाळिंब.)

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, माळशिरस. या तालुक्यांतलं डाळिंब सोलापूरच्या बाजारात उतरतं आणि इथून देशभर जातं. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही इथंच, केगावला, २००५ पासून. बाजारात चौकशी होते ती दाण्याच्या रंगाची, फळाच्या वजनाची, तेल्या रोगाचा डाग आहे का याची. सालीला कोण विचारतं? फळाच्या वजनात तिचा वाटा निम्म्याच्या आसपास, पण दाणे काढले की ती थेट उकिरड्यावर.

हीच साल दंतवैद्यकाच्या प्रयोगशाळांमध्ये गेली वीसेक वर्षं तपासली जाते आहे. कवळीवर वाढणाऱ्या बुरशीला ती रोखते का, हा प्रश्न आहे.

(दृश्य : सोलापूरच्या पूर्व भागातलं एक घर. भिंतीपलीकडे यंत्रमागाचा आवाज. आज्जी जेवायला बसल्या आहेत.)

आज्जींचं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. मशेरीची सवय त्याच काळातली. दात एकेक करत गेले आणि वर-खाली पूर्ण कवळी आली. कडक भाकरी आता आमटीत भिजवूनच खावी लागते, शेंगाचटणी मात्र सुटलेली नाही. तिचा बारीक कूट वरच्या कवळीखाली जाऊन बसतो. रात्री नात आठवण करते, "आज्जी, कवळी काढलीस का?"

"काढली की तोंड पोकळ पोकळ वाटतंय गं. राहू दे आजच्या दिवस."

अशा घरोघरच्या आज्या-आजोबांची ही अडचण खरी आहे. दात नसलेला चेहरा कुणाला दिसू नये असं त्यांना वाटतं, घरातल्यांनासुद्धा. त्यांना रागावून काही होत नाही. समजावून सांगावं लागतं.

(दृश्य : कवळी उलटी धरलेली. कॅमेरा आतल्या बाजूच्या अगदी जवळ.)

कवळी उलटी केली की फरक दिसतो. बाहेरची बाजू चकचकीत असते, आतली मंद आणि खरखरीत. आतल्या बाजूला पॉलिश करत नाहीत, कारण तिच्यावर टाळूचा ठसा असतो. तो घासला गेला तर कवळी घट्ट बसणार नाही. कवळीचं हे गुलाबी प्लास्टिक, म्हणजे अॅक्रिलिक, दिसायला एकसंध वाटलं तरी त्यात सूक्ष्म छिद्रं असतात. पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.२ मायक्रोमीटरच्या वर गेला की जंतूंचा थर जास्त साचतो, असं दंतसंशोधनात मानलं जातं. टूथपेस्टनं, राखेनं किंवा मिठानं कवळी घासणारे आपल्याच हातानं या थरासाठी जागा करून देतात.

त्या जागेत राहायला येते कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी. निरोगी माणसांच्या तोंडातही ती पुष्कळदा असते आणि लाळेमुळे, इतर जंतूंमुळे आटोक्यात राहते. वरच्या कवळीखाली लाळ खेळत नाही. तिथं बुरशी धागे काढते, स्वतःभोवती चिकट आवरण विणते आणि टाळू लालभडक होतो. बहुतेकांना त्याचं दुखणं जाणवत नाही, म्हणून कुणी तोंड उघडून बघतही नाही. जपानमध्ये ८५ वर्षांवरच्या ५२४ वृद्धांचा पाठपुरावा झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक आढळला. 'राहू दे आजच्या दिवस' म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायला हवं.

बुरशीवरची औषधं मोजकी आहेत आणि त्यांना न जुमानणाऱ्या बुरशी वाढत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये घातक बुरशींची पहिली यादी काढली. तिच्या सर्वांत वरच्या गटात कॅन्डिडा अल्बिकन्सचं नाव आहे. म्हणून लवंग, ओवा, कडुनिंब, हळद, त्रिफळा हे सगळं पुन्हा तपासलं जातंय. यातलं काही दंतवैद्यकात कधीच येऊन बसलं आहे. कवळीसाठी हिरडीचं माप घेतात त्या एका जुन्या पेस्टमध्ये झिंक ऑक्साइडबरोबर लवंगेतलं युजेनॉल असतं. ओव्यातलं थायमॉल माउथवॉशमध्ये असतं.

(दृश्य : प्रयोगशाळा. सावलीत वाळवलेली साल, तिची तपकिरी पूड, गाळणकागद, काचेच्या ताटल्या.)

आता सालीकडे येऊ. वाळवून पूड करायची, पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये भिजवायची, गाळायची आणि द्रव उडवून अर्क घट्ट करायचा. त्यात प्युनिकॅलॅजिनसारखी टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्यं, असतात. सालीचा कण जिभेवर ठेवला तर तोंड आवळून येतं, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतात. बुरशीच्या पेशींवरही त्यांचा परिणाम होतो, असं प्रयोगांत दिसलं आहे.

काचेच्या ताटलीत अगरचा, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाचा, थर असतो. त्यावर कापसाच्या बोळ्यानं बुरशी सारखी पसरवतात. थरात छोटे गोल खड्डे पाडून एकात अर्क, एकात माहितीतलं औषध आणि एकात नुसतं अल्कोहोल घालतात. या तिसऱ्या खड्ड्याशिवाय प्रयोगाला अर्थ नाही, कारण अल्कोहोल स्वतःच जंतू मारतं. श्रेय सालीला द्यायचं की अल्कोहोलला, हे तोच खड्डा सांगतो. ताटली ३७ अंश सेल्सिअसला २४ ते ४८ तास ठेवतात. मग बाहेर काढली की सगळीकडे बुरशीची पांढुरकी साय आणि अर्काच्या खड्ड्याभोवती स्वच्छ वर्तुळ. संशोधक पट्टी लावून त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात.

हे वर्तुळ पाहून आनंद होतोच. बातम्याही याच टप्प्यावर येतात, 'डाळिंबाच्या सालीनं बुरशी मेली' म्हणून. माझं म्हणणं आहे की खरं काम इथून पुढे सुरू होतं. अगरवरची बुरशी सुटी असते, कवळीवरची चिकट आवरणात बसलेली. तिला मारायला कितीतरी पट जास्त मात्रा लागू शकते. वर्तुळ मोठं आलं म्हणजे पदार्थ जास्त प्रभावी, असंही नेहमी नसतं. तो अगरमध्ये किती सहज पसरतो, यावरही व्यास ठरतो. म्हणून पुढे अॅक्रिलिकच्या छोट्या चकत्या करतात, त्यांवर बुरशीचा थर वाढवतात, अर्कात बुडवतात आणि उरलेल्या जिवंत पेशींच्या वसाहती मोजतात.

त्याहून पुढची पायरी म्हणजे माणूस. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये कवळीखालचा दाह असलेल्या ६० जणांवर डाळिंबाचं जेल आणि मायकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाचं जेल यांची तुलना केली. मायकोनाझोलच्या गटात २७ जणांना समाधानकारक किंवा बऱ्यापैकी गुण आला, डाळिंबाच्या गटात २१ जणांना. डाळिंब मागे पडलं, पण फार मागे नाही. मला हा निकाल मोलाचा वाटतो, कारण तो जसा आला तसा मांडला गेला. नैसर्गिक आहे म्हणून त्याला झुकतं माप मिळालं नाही आणि घरगुती म्हणून कुणी उडवूनही लावलं नाही.

(दृश्य : सालीच्या काढ्यातून बाहेर येणारं सुती कापड, पिवळसर तपकिरी.)

आणखी एक अडचण सोलापूरला वेगळी समजावून सांगायला नको. हे कापडाचं गाव आहे. डाळिंबाची साल सुताला पक्का पिवळसर रंग देते, लोहाचा क्षार मिसळला तर करडा-काळा, हे नैसर्गिक रंगकाम करणारे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. जे टॅनिन बुरशीला रोखतं तेच गुलाबी अॅक्रिलिकवर डाग पाडू शकतं. हळदीचं तर विचारूच नका. अल्कोहोलमधला अर्क वापरावा तर अल्कोहोलनं अॅक्रिलिकला बारीक तडे जातात. म्हणून चकत्यांचा रंग, खडबडीतपणा आणि मजबुती हे सगळं अर्कात बुडवण्याआधी आणि नंतर मोजावं लागतं. बुरशी मेली आणि कवळीही वाया गेली, तर आज्जींच्या हाती काय आलं?

(दृश्य : नात बेसिनपाशी कवळी धुते आहे. खाली पाण्यानं भरलेला प्लास्टिकचा टब.)

तोवर घरात साल उकळून त्यात कवळी टाकू नका. बेसिनमध्ये आधी पाणी भरा, म्हणजे हातातून निसटली तरी कवळी फुटणार नाही. मऊ ब्रश आणि साधा साबण घेऊन आतली बाजू नीट घासा. उकळतं पाणी वापरू नका, अॅक्रिलिक वाकतं. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात बुडवून ठेवा, कोरडी पडू देऊ नका. डॉक्टरांनी ब्लीचचं पातळ द्रावण सांगितलं असेल तर दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि कवळीत धातू असेल तर अजिबात नाही.

आठवड्यातून एकदा बॅटरी घेऊन टाळू बघा. लाल दिसला तर दंतवैद्याकडे जा. टाळू आणि कवळी या दोघांवरही उपचार लागतो, एकावर केला तर बुरशी दुसऱ्यावरून परत येते. आणि ज्यांनी मशेरी लावली आहे, तंबाखू खाल्ली आहे, त्यांच्या तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर 'कवळी लागली असेल' म्हणून थांबू नका. त्याच आठवड्यात दाखवून या.