रोबोटिक आर्म बसवला, तरी माल तेवढाच का निघतो?

नमस्कार मंडळी! कुडाळ, मिरजोळे, महाड, सगळीकडून एकच कमेंट येतेय: "दादा, लाइनवर रोबोटिक आर्म बसवायचाय, प्रॉडक्शन किती वाढेल?" आज त्यावरच बोलू.

आर्म म्हणजे काय, ते पटकन उरकतो. साधारण सहा सांधे, प्रत्येक सांध्याला मोटर, टोकाला ग्रिपर, म्हणजे वस्तू धरणारा पंजा. पहिला औद्योगिक रोबोट, युनिमेट, १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात लागला, साच्यातून निघालेले तापलेले भाग उचलायला. तिथपासून आजवर आर्म एकच गोष्ट उत्तम करतो: तेच काम, त्याच जागी, न कंटाळता. झालं, पुढे चला.

आता खरा मुद्दा. आर्मचं कोटेशन मागवण्याआधी स्टॉपवॉच घ्या आणि लाइनवर उभे राहा.

समजा, पाण्याचे पंप जोडायची लाइन आहे. बेअरिंग बसवायला २२ सेकंद, मोटर जोडायला ३०, बोल्ट आवळायला ४८, टेस्टिंगला २६. पंप किती सेकंदाला एक निघेल? सगळ्यात हळू कामाला लागतात तेवढ्या, ४८. म्हणजे तासाला ७५. आता बेअरिंगच्या जागी आर्म बसवला, २२ चे ११ सेकंद झाले. तासाला किती पंप? ७५च! फक्त पुढे अर्धवट पंपांचा ढीग वाढला. तोच आर्म बोल्टच्या जागी लावा, ४८ चे २८ करा. आता ३० सेकंदाला एक, तासाला १२० पंप. आर्म तोच, जागा बदलली. आणि १२० वर लाइन थांबली, कारण आता मोटर जोडणारं स्टेशन सगळ्यात हळू आहे. परशुराम घाटात पुढे लोड भरलेला ट्रक चढत असेल, तर मागच्या गाडीचं इंजिन कितीही दमदार असो, चिपळूण तेव्हाच येणार.

तरी लोक म्हणतात, "पण आर्म तर जोरात चालतो ना?" मग हे ऐका. रत्नागिरीकडच्या एका आंबा कॅनिंगवाल्यांनी मला कौतुकाने लाइन दाखवली. शेवटी आर्म, खोके उचलून पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या फळीवर, रचतोय, सुंदर काम. पण मी तिथे होतो तेवढ्यात निम्मा वेळ तो हात वर करून नुसता उभा. कारण पल्पचे डबे उकळत्या पाण्यातून काढून थंड होईपर्यंत लेबल लागत नाही, खोक्यात जात नाहीत. त्यांची लाइन अडत होती कूलिंगच्या टाकीपाशी. ज्याने आर्म विकला त्याने टाकीकडे बघितलंसुद्धा नाही, याचा मला मनापासून राग येतो. मोसम दोन-अडीच महिन्यांचा, त्यात लाखो रुपये चुकीच्या जागी उभे!

तिथे आर्मचा उपयोग नव्हता असं नाही. जड खोकी दिवसभर वाकून रचणाऱ्या माणसाची पाठ वाचते, हे मोठं कारण आहे. पण मग "पाठ वाचवायला घेतला" म्हणा, "माल वाढवायला" म्हणू नका.

नोकरी जाईल का, असं खेडच्या आयटीआयतल्या एका मुलाने विचारलंय. मित्रा, रचण्याचं काम कमी होईल, हे खोटं सांगणार नाही. पण टीच पेंडंट, म्हणजे आर्मला शिकवायचा रिमोट, हातात धरून आर्मला पॉइंट शिकवणारा, ग्रिपर बदलणारा, सेन्सर तपासणारा माणूस लागतोच, आणि आज तो आपल्याकडे सहज मिळत नाही. म्हणून बाहेरून बोलवावा लागतो आणि लाइन तो येईपर्यंत बंद. ते शीक.

आता सगळ्यात हळू स्टेशनची तीच गोष्ट तिसऱ्या बाजूने. सगळ्यात हळू स्टेशनवर आर्म लावलात, की तिथे गेलेलं प्रत्येक मिनिट अख्ख्या लाइनचं जातं. म्हणून आपल्याकडचा पावसाळा हिशेबात धरा. जुलैत ग्रिपर चालवणाऱ्या कंप्रेसरच्या हवेत पाणी येतं. हवा सुकवणारा ड्रायर नसेल, कंप्रेसरची टाकी रोज ड्रेन केली नसेल, तर ते पाणी ग्रिपरच्या सिलिंडरपर्यंत पोचतं. बोटं अर्धवट मिटतात, पार्ट सुटतो, आर्म एरर देऊन थांबतो. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. रोबोट नवा, दोष हवेचा, आणि शिव्या रोबोटला!

अजून एक कमेंट वारंवार येते: "कोबॉट घेतला की कुंपण नको." कोबॉट म्हणजे माणसाच्या शेजारी काम करायला बनवलेला आर्म. पण असं सरसकट नसतं. कोबॉट माणसाला लागल्यावर थांबतो, पण त्याच्या हातात धारदार पत्रा असेल तर थांबेपर्यंत जखम झालेली असते. धोका आर्म, ग्रिपर आणि पार्ट मिळून मोजायचा, मग कुंपणाचं ठरवायचं.

आणि डेमो. विकणारा येतो तो कोरे करकरीत खोके घेऊन. आर्मच्या व्हॅक्यूम कपला, म्हणजे हवा ओढून धरणाऱ्या रबरी वाटीला, ते छान चिकटतात. दमट गोदामात महिनाभर पडलेला पुठ्ठा मऊ पडतो, कप धरतो आणि वरचा फ्लॅपच उचकटून येतो. डेमोला तुमचेच खोके द्या, पावसाळ्यातले, आणि पूर्ण शिफ्ट चालवून दाखवा म्हणा. त्याने आढेवेढे घेतले, तर ऑर्डर देऊ नका.