हिरे कुणाचे?

श्रोतेहो, नमस्कार.

दक्षिण आफ्रिकेच्या डोक्यावर बसलेला बोत्स्वाना नावाचा एक देश आहे. त्याच्या चलनाचं नाव ‘पुला’, म्हणजे पाऊस. देशाचा बहुतेक मुलूख कालाहारीच्या वाळूनं व्यापलेला, तेव्हा पावसाला पैशाचा मान का, हे मराठवाड्यातल्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको.

३० सप्टेंबर १९६६ रोजी हा देश स्वतंत्र झाला. तेव्हा अख्ख्या देशात डांबरी रस्ता होता १२ किलोमीटर आणि पदवीधर होते २२. ब्रिटिशांनी राजधानीसुद्धा देशात ठेवली नव्हती. कारभार चालायचा सरहद्दीपलीकडच्या माफेकिंगहून. आणि पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले.

खरी गोष्ट इथून सुरू होते. ओरापा येतं बामंग्वाटो जमातीच्या मुलखात, आणि पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा त्याच जमातीच्या राजघराण्यातले. मनात आणलं असतं तर हिरे घरचेच होते. पण १९६७ च्या कायद्यानं जमिनीखालचं खनिज जमातींकडून काढून देशाच्या नावावर केलं, आणि खामांनी ते आपल्या माणसांच्या गळी उतरवलं. डी बिअर्स या बड्या हिरे कंपनीशी भागीदारी झाली तेव्हा सरकारचा वाटा होता १५ टक्के. पुन्हा घासाघीस करून १९७५ मध्ये तो ५० टक्क्यांवर नेला. हिरे सिएरा लिओनमध्येही होते. तिथं त्यांच्या पैशातून बंदुका आल्या, आणि १९९१ पासून २००२ पर्यंत यादवी चालली.

मग फरक कशानं पडला? खामा भला माणूस होता, एवढ्यावर मी थांबणार नाही. बोत्स्वानात ‘खोत्ला’ नावाची जुनी रीत आहे, म्हणजे गावसभा. लाकडी खांबांच्या अर्धगोल कुडाशी गाव जमतं, माणसं आपापल्या खुर्च्या घेऊन येतात. प्रमुख ऐकत राहतो, आणि सगळ्यांचं झालं की शेवटी बोलतो. ‘राजा राजा असतो तो लोकांमुळे’ ही त्यांची म्हणच आहे. (बायकांना मात्र तिथं पूर्वी तोंड उघडायची सोय नव्हती, हेही सांगून टाकतो.) स्वतंत्र देशाच्या मंत्र्यांनाही योजना घेऊन तिथं जावं लागलं, आणि लोकांची बोलणी खावी लागली.

१९८२ पासून सलग पाच-सहा वर्षं पाऊस रुसला. गुरं मेली, पिकं गेली, पण भूकबळींचं थैमान झालं नाही. सरकारनं धान्य वाटलं, शाळांतून मुलांना जेवण दिलं, रस्त्या-बंधाऱ्यांची कामं काढून मजुरी दिली. ७२ च्या दुष्काळात आपल्याकडे खडी फोडायला गेलेल्या पिढीला हे चित्र ओळखीचं वाटेल. पैसा हिऱ्यांचा होता, कबूल. पण तो गावातल्या मजुराच्या हातात पडला, हे काम खाणीचं नव्हे, कारभाराचं.

आता दुसरी बाजू. कालाहारीतल्या सान या आदिवासी लोकांना त्यांच्याच रानातून उठवलं. २००६ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं, सरकारविरुद्ध. श्रीमंत-गरिबातली दरी जगात मोजक्या ठिकाणी असेल एवढी रुंद. आणि सत्ता ५८ वर्षं एकाच पक्षाकडे. ती २०२४ च्या निवडणुकीत गेली. मोजणी पुरती संपायच्या आत राष्ट्राध्यक्ष मासिसी यांनी विरोधी आघाडीचे नेते दुमा बोको यांना फोन करून हार मानली.

बोकोंच्या हाती मात्र तिजोरी आली ती रोडावलेली. प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांनी खाणीतल्या हिऱ्याचा भाव पाडलाय. त्याची झळ सुरतेच्या घंटीवर, म्हणजे हिऱ्याला पैलू पाडायच्या चाकावर, बसणाऱ्या कारागिरांनाही लागलीच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारी दवाखान्यांतली औषधं संपत आली, तेव्हा बोकोंनी सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली आणि औषधं पोचवायचं काम लष्कराकडे दिलं.

नमस्कार.