ऑफिसचा राग घरच्यांवर का निघतो

[लाल सिग्नल, गाड्यांची लांब रांग, कॅमेरा एका गाडीच्या आत]

ह्या माणसाचे हात बघा. स्टिअरिंग इतकं घट्ट धरलंय की बोटांची पेरं पांढरी पडलीत, दात आवळलेत, खांदे वर चढलेत, आणि ह्यातलं काहीच त्याला जाणवत नाहीये. त्याच्या डोक्यात अजून दुपारची मीटिंग चालू आहे, बॉस सगळ्यांसमोर काय बोलला आणि आपण तेव्हाच काय सुनवायला हवं होतं, तेच तेच परत परत. सिग्नल सुटतो, पुढची गाडी जरा उशिरा हलते आणि ह्याचा हात हॉर्नवरून निघतच नाही.

थोड्या वेळाने हा घरी पोचेल, कोणीतरी अगदी साधं विचारेल, आज उशीर झाला का, आणि हा वसकन अंगावर जाईल. वड्याचं तेल वांग्यावर. नंतर वाईट वाटेल ते वेगळं, पण बोलून तर झालेलं असतं ना, आणि समोरच्याला कळत पण नाही की आपलं नेमकं चुकलं काय.

असं का होतं? राग आला की मेंदूतला अमिग्डाला नावाचा छोटासा भाग धोक्याचा इशारा देतो, मूत्रपिंडांच्या वर ज्या ग्रंथी असतात त्या अ‍ॅड्रेनलिन हे हार्मोन सोडतात, छाती धडधडते, बीपी वाढतं, स्नायू ताठ होतात. मागोमाग कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं आणि ते उतरायला बराच वेळ लागतो. शरीर मारामारीला किंवा पळून जायला तयार होऊन बसतं, आणि आपण असतो खुर्चीत नाहीतर गर्दीत अडकलेले, दोन्ही करता येत नाही. डॉल्फ झिलमन ह्या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हे नीट मांडलं, की एका प्रसंगातली उरलेली उत्तेजना पुढच्या प्रसंगात ओतली जाते. आपल्याला वाटतं मीटिंगचं मी केव्हाच सोडून दिलं, पण अंगातून ते गेलेलं नसतं, आणि समोर जे येईल त्याचाच राग आला असं आपल्याला खरोखर वाटतं.

[गर्दी, थांबलेल्या गाड्या, घड्याळाकडे जाणारी नजर]

त्यात रोजचा प्रवास. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ९०९ नोकरदार बायकांना आदल्या दिवसातल्या एकेका कामाच्या वेळी कसं वाटत होतं ते विचारलं होतं, त्यात सकाळी कामावर जायचा प्रवास अगदी तळाला होता.

आणि मला वाटतं ह्यात अंतरापेक्षा जास्त छळते ती हतबलता. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर ह्या मानसशास्त्रज्ञांचे जुने प्रयोग आहेत, १९७२ च्या आधीचे. लोकांना खोलीत बसवून मधेच कधीही मोठा आवाज ऐकवायचा, काही जणांना एक बटण दिलं आणि सांगितलं, अगदीच सहन झालं नाही तर दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. म्हणजे आवाज सगळ्यांनी सारखाच ऐकला, पण नंतर कोडी सोडवायला दिल्यावर बटणवाले जास्त वेळ चिकाटीने बसले, बाकीच्यांनी लवकर हात टेकले. आवाज थांबवणं आपल्या हातात आहे एवढ्यानेच फरक पडला! म्हणून सांगतो, ट्रॅफिक आपल्या हातात नाही हे मान्य, पण निघायची वेळ थोडी मागेपुढे करता येते का, लांबचा पण न तुंबणारा रस्ता आहे का, पोचायची वेळ घरी सांगताना पंधरा मिनिटं जास्तच सांगितली तर, हे बघा. छोट्या गोष्टी वाटतात पण तेवढ्यापुरतं बटण आपल्या हातात येतं.

आता एक सल्ला जो सगळेच देतात, की राग बाहेर काढून टाक म्हणजे मोकळं वाटेल. हे खरं नाही. ब्रॅड बुशमन ह्या मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्ये चिडलेल्या लोकांना पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले आणि ज्याने चिडवलं त्याचाच विचार करायला सांगितलं, तर ते शांत झाले नाहीत, उलट जास्त चिडले, नुसते गप्प बसलेले लोक त्यांच्यापेक्षा बरे राहिले. २०२४ मध्ये १५४ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा पण हेच आलं, शरीराची उत्तेजना खाली आणणाऱ्या गोष्टी राग कमी करतात, वाढवणाऱ्या करत नाहीत. व्यायाम तब्येतीला चांगलाच आहे, प्रश्नच नाही, पण संतापात धावायला गेलो की राग पळून जाईल अशी आशा नको. आणि वाटभर फोनवर मित्राला तोच किस्सा तावातावाने सांगणं, ते पण ठोसे मारण्यासारखंच आहे.

[गाडी थांबलेली, इंजिन बंद]

मग करायचं काय? हा बघा, पोचलाय, पण लगेच उतरत नाहीये. आधी जबडा सैल सोडला, मग खांदे खाली. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, सावकाश. श्वास सोडताना व्हेगस नावाच्या नसेमुळे हृदयाची गती कमी होते म्हणून बाहेर सोडणं लांबवायचं. पहिल्या चारपाच श्वासांत काही वाटत नाही, कंटाळा येतो, मीटिंग परत डोक्यात घुसते. घुसू दे, मोजणं चालू ठेवायचं. आणि घरात गेल्यावर स्पष्ट सांगायचं, आज दिवस वाईट गेलाय, तुमच्यावर राग नाहीये, मला दहा मिनिटं द्या. हे एक वाक्य फार वाद वाचवतं.

ह्याचा अर्थ राग गिळा असा नाही हं. अपमान झाला असेल, दुसऱ्याचं काम आपल्या गळ्यात मारलं जात असेल तर राग रास्तच आहे आणि श्वास मोजून बॉस सुधारत नाही. ते बोलायचंच, पण ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशीच, दुसऱ्या दिवशी, मुद्दे लिहून घेऊन, आवाज न चढवता.

आणि जर हात उचलला जात असेल, वस्तू फेकल्या जात असतील, रागात कोणाच्या गाडीला आडवं जायची इच्छा होत असेल, घरातली मुलं तुमची चाहूल लागताच गप्प होत असतील, तर एवढ्याने भागणार नाही. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा, ह्या आठवड्यातच वेळ घ्या, आणि जमलं तर घरातलं कोणीतरी बरोबर न्या, कारण त्या वेळी तुम्ही कसे दिसता हे त्यांनी बघितलेलं असतं, तुम्ही नाही.