सुटे भाग आणि खारा वारा

मंडळी, काही वर्षांपूर्वी भाच्यासाठी संगणक जोडायचा म्हणून मी रात्रीच्या गाडीने रत्नागिरीहून मुंबईला गेलो, लॅमिंग्टन रोडवर दिवसभर फिरून सामान घेतले आणि परत येऊन मोठ्या उत्साहाने जोडणी केली. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळाच राहिला. मी घेतलेल्या इंटेल कंपनीच्या प्रोसेसरच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपच्या, क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर होते. त्याचा अर्थ असा की, त्या प्रोसेसरमध्ये चित्र उमटवणारा ग्राफिक्सचा भाग चालू नसतो आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीही दिसत नाही. दुकानदाराची चूक नव्हती. दोनशे-पाचशे रुपये वाचवण्याच्या नादात अक्षर न वाचण्याची चूक माझी होती. मुंबईचा माणूस असा भाग संध्याकाळी बदलून आणतो, आपल्याला त्यासाठी पुन्हा रात्रीची गाडी धरावी लागते. म्हणून आपल्याकडे यादी कागदावरच पक्की व्हायला हवी.

यादीची सुरुवात प्रोसेसर आणि मदरबोर्ड (सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी, थोडक्यात बोर्ड) या जोडीपासून करावी, कारण बाकीचे सगळे या दोघांवर ठरते. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी हिच्या एएम-४ सॉकेटवर डीडीआर-४ प्रकारची रॅम, म्हणजे कामापुरत्या स्मृतीची पट्टी, चालते, तर २०२२ साली आलेल्या एएम-५ सॉकेटवर केवळ डीडीआर-५. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर चालतात; पण तिथे रॅम कोणती हे बोर्ड ठरवतो, आणि एकाच एच-६१० चिपसेटचे (बोर्डावरच्या नियंत्रक चिपचे) दोन्ही प्रकारच्या रॅमचे बोर्ड बाजारात मिळतात. दोन्ही रॅमना पिना २८८च असतात, तरी मधली खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एक दुसरीच्या जागी बसत नाही, आणि दाबून बसवण्याचा प्रयत्न कोणी करू नये.

नुसता सॉकेट जुळला म्हणजे काम झाले असेही नाही. इंटेलच्या सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढ्यांच्या सॉकेटचे नाव एकच, एलजीए ११५१. तरी सातव्या पिढीसाठीच्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर बसतो खरा, चालत नाही. जुने सामान स्वस्तात घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. त्यात विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची सर्वसाधारणपणे आठवी किंवा नंतरची पिढी व टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे फार जुनी जोडी स्वस्त दिसली तरी घेण्याआधी तीवर कोणती प्रणाली चालवणार हे ठरवावे. एएमडीच्या बी-४५० बोर्डावर रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर बायॉस, म्हणजे बोर्डातली मूळ आज्ञावली, अद्ययावत केल्यावरच चालतात, तेव्हा ते काम दुकानातच करून मागावे.

मुलांचा अभ्यास, होमस्टेचे हिशेब, पत्रव्यवहार एवढेच काम असेल तर रायझन ५ ५६००जी आणि एएम-४ बोर्ड मला पुरेसा वाटतो. त्यात ग्राफिक्स आहे, आणि ते रॅमच वापरत असल्याने १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ जीबीच्या दोन घ्याव्यात. कोणाकडून जुने ग्राफिक्स कार्ड फुकट मिळाले म्हणून त्याच्याभोवती सगळा संगणक उभा करणे म्हणजे वाटेत नाल सापडली म्हणून घोडा घेणे. एम.२ एसएसडी (माहिती साठवणारी छोटी पट्टी) घेताना बोर्डाची जागा एनव्हीएमई प्रकारच्या जोडणीची आहे की साटा प्रकारच्या, हे बोर्डाच्या पुस्तिकेत पाहावे. दिसायला दोन्ही जवळजवळ सारख्याच. कॅबिनेटमध्ये बोर्डाचा आकार मावतो ना, एवढे पाहिले की झाले.

आता ज्या भागावर लोक सर्वांत कमी खर्च करतात तो, म्हणजे एसएमपीएस, संगणकाला वीज पुरवणारा डबा. आपल्याकडे वीज जाते, येताना उसळी घेऊन येते, आणि निसर्ग वादळानंतर जून २०२० मध्ये काही गावे किती दिवस अंधारात होती हे तुम्हाला सांगायला नको. वर सांगितलेला संगणक वेगळ्या कार्डाशिवाय क्वचितच १५० वॅटच्या पुढे जातो, म्हणून ४५० वॅटचा चांगला एसएमपीएस भरपूर झाला; मोठा आकडा छापलेला हलका डबा नको. ‘८० प्लस’ हा शिक्का विजेचा किती भाग वाया जातो ते सांगतो, संरक्षणाची हमी देत नाही. यूपीएसही त्याच्याशी जुळावा लागतो: स्वस्त यूपीएसची वीज पायऱ्यापायऱ्यांच्या लहरीची असते आणि काही एसएमपीएस तिच्यावर जाताच बंद पडतात. शक्य असेल तर घेताना दोन्ही एकत्र लावून, भिंतीची वायर काढून पाहावे. घराचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे, कारण जांभ्याच्या कोरड्या कातळावर ते उन्हाळ्यात कमकुवत पडते.

खारी, दमट हवा धातूचे संपर्क गंजवते, म्हणून संगणक समुद्राकडच्या खिडकीखाली ठेवू नये आणि पावसाळ्यात महिनोन्‌महिने बंदही ठेवू नये. चालू यंत्राची ऊब ओल धरू देत नाही. वळवाच्या विजा कडाडू लागल्या की मात्र आपण प्लग काढतो आणि इंटरनेटची लॅनची वायर तशीच ठेवतो. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण तिच्या डबीचा (राउटरचा) अडॅप्टर भिंतीतच असतो आणि डबीपासून संगणकापर्यंतची वायर तांब्याची असते. माझ्या शेजारच्या घरातला बोर्ड त्याच वायरीने गेला, प्लग काढून बाजूला ठेवलेला असताना.