तेरा री दूरचं रताळं

(दृश्य: काळ्या भिंतींची दुकानं. त्यांच्यामध्ये उंच लाकडी मनोरा. घंटेचा टोला.)

दुपारचे तीन वाजलेत. ही तोकी नो काने, म्हणजे वेळेची घंटा. दिवसातून चार वेळा वाजते: सकाळी सहाला, दुपारी बाराला, तीनला आणि संध्याकाळी सहाला. खाली रस्त्यावर निम्मी माणसं मोबाईल वर धरून उभी आहेत. उरलेल्यांच्या हातात रताळं आहे.

गंमत नाही. पातळ लांबट काप तळून कपात उभे केलेत, ते रताळ्याचे. पोरांच्या हातात जांभळं आइस्क्रीम आहे, तेही रताळ्याचं. वाफवलेल्या पांढऱ्या बनच्या आत गोड डाळीबरोबर रताळ्याची जाड चकती. या गावाने रताळ्याचं काय केलं नाही, हे विचारणं सोपं पडेल.

आपल्याकडे रताळं म्हटलं की एकादशी आठवते. किस, शेंगदाण्याचं कूट, जिऱ्याची फोडणी. उपासाच्या या कंदाची इथे बिअर होते. ती बिअर शोधायला आपण आलोय.

(दृश्य: रेल्वेची खिडकी. इमारती विरळ होत जातात.)

गावाचं नाव कावागोए. तोक्योच्या इकेबुकुरो स्टेशनवरून तोबू तोजो लाइनची जलद गाडी पकडली की अर्ध्या तासात इथे. लोक याला कोएदो म्हणतात, छोटं एदो. एदो म्हणजे तोक्योचं जुनं नाव. मूळ एदोतल्या मातीच्या वखारी 1923 च्या भूकंपात आणि नंतर महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात गेल्या. जुनं एदो बघायचं तर या धाकट्या भावाकडे यावं लागतं.

पण हेही तितकंसं जुनं नाही बरं का. 17 मार्च 1893 ला इथे मोठी आग लागली. 1,302 घरं जळाली, गावाचा तिसरा हिस्सा. राख निवल्यावर व्यापाऱ्यांनी पाहिलं, तर जाड मातीच्या भिंतींच्या काही वखारी उभ्याच होत्या. 1792 साली बांधलेलं ओसावा घराण्याचं घर त्यांतलंच, ते आजही या रस्त्यावर आहे. मग ज्याच्याकडे पैसा होता त्याने दुकानही तसंच बांधलं. मातीचे थरांवर थर, वर काजळी घातलेला काळा चुना, खिडक्यांना तिजोरीसारखी दारं. घंटेचा मनोराही जळाला होता, तो पुढच्याच वर्षी पुन्हा उभा राहिला. आज ज्याचे फोटो निघतात ते सगळं म्हणजे आगीचा धसका घेतलेल्या दुकानदारांची खबरदारी.

(दृश्य: पाटीवर मोठ्या अक्षरांत जपानी आकडा, तेरा.)

ही पाटी बघा. यावर लिहिलंय जूसान-री. तेरा री. री हे अंतराचं जुनं माप, एक री म्हणजे साधारण चार किलोमीटर. रताळ्याच्या दुकानावर अंतराची पाटी कशाला?

हा एदोतल्या विक्रेत्यांचा विनोद आहे, आणि तो समजून घ्यायला बोटं मोजावी लागतात. जपानीत चेस्टनटला, म्हणजे भाजून खायच्या एका गोडसर कवचफळाला, म्हणतात कुरी. कु म्हणजे नऊ, म्हणून कुरी म्हणजे नऊ री असंही ऐकू येतं. पहिल्यांदा भाजलेली रताळी विकणाऱ्याने पाटी लावली, ‘साडेआठ री’. म्हणजे चेस्टनटच्या जवळ जाणारी, थोडी कमी. विक्रेता नम्र होता. पुढच्याने नम्रता सोडली. ‘कुरी योरी उमाई’, चेस्टनटपेक्षा चविष्ट. योरी म्हणजे ‘पेक्षा’, आणि कानाला चार री. नऊ आणि चार, तेरा. आणि एदोपासून कावागोए किती लांब? तेरा री. एका आकड्यात चवही सांगितली आणि गावही.

साखर महाग होती त्या काळात गरिबाच्या तोंडाला गोड लागणारी ही गोष्ट. शिंगाशी नदीतून होड्या भरभरून रताळी एदोला जायची. परतीच्या होडीत राख आणि कोंडा यायचा, शेताला घालायला. म्हणजे शहराने रताळं खायचं आणि चुलीतली राख परत पाठवायची. असा व्यवहार आताच्या शहरांना जमेल असं वाटत नाही.

(दृश्य: हवाई चित्रण. रस्त्याला काटकोनात निघालेल्या अरुंद, लांबच लांब शेतांच्या पट्ट्या.)

आता गर्दी सोडून जरा बाहेर पडू. कारण कावागोएची बिअर त्या काळ्या वखारींमध्ये जन्मली नाही. ती या मातीत जन्मली.

हे सान्तोमे शिंदेन. शिंदेन म्हणजे नवी शेतं. नवी कधीची? 1694 ची. कावागोएचा सरदार यानागिसावा योशियासू याने ही पडीक जमीन वसवायला घेतली आणि 1696 पर्यंत आखणी पुरी झाली. प्रत्येक कुटुंबाला सारखी पट्टी: रुंदी सुमारे 72 मीटर, लांबी 675. रस्त्याला लागून घर, मध्ये शेत आणि शेवटी झाडी. झाडी शोभेची नाही. इथली माती ज्वालामुखीच्या राखेची, भुसभुशीत, वाऱ्याने उडणारी, आणि कस कमी. म्हणून ओक जातीची झाडं लावली. हिवाळ्यात त्यांची पानं गोळा करायची, कुजवायची, शेतात घालायची. सव्वातीनशे वर्षं झाली, हे चालू आहे. 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने या पद्धतीला जागतिक कृषी वारशाचा दर्जा दिला.

रताळं इथे आलं 1751 मध्ये. हलक्या जमिनीत ते खुशीत वाढतं, फार लाड केले तर वेलच माजतो. ही माती त्याला मानवली.

(दृश्य: वाऱ्यावर डोलणारं जवाचं शेत. मग ट्रॅक्टर ते तसंच उभं पीक जमिनीत गाडतो.)

हे बघून कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराचा जीव हळहळेल. पण हा जव खाण्यासाठी पेरलेलाच नाही. भाजीच्या दोन पिकांमध्ये जमिनीला खत मिळावं म्हणून पेरायचा आणि हिरवा असतानाच गाडायचा. आपल्याकडे ताग गाडतात तसा.

कावागोएत क्योदो शोजी नावाची कंपनी आहे. सेंद्रिय भाजीपाला शेतकऱ्याकडून घेऊन थेट गिऱ्हाइकापर्यंत पोचवणं हा तिचा मूळ धंदा. तिथल्या लोकांच्या मनात आलं, एवढा जव दरवर्षी मातीत जातो, त्याची बिअर का करू नये?

विचार आला ती वेळ बरोबर होती. 1994 पर्यंत जपानमध्ये बिअरचा परवाना हवा तर वर्षाला किमान 20 लाख लिटर काढण्याची तयारी लागे. म्हणजे चार-पाच मोठ्या कंपन्यांसाठीच केलेला कायदा. 1994 मध्ये ही अट 60 हजार लिटरवर आली. मग काय, गरम पाण्याचे झरे असलेली गावं, किल्ल्यांची गावं, डोंगरातली गावं, जिकडेतिकडे ‘जि-बिरू’, स्थानिक बिअर.

पण जवाची बिअर करायची तर आधी त्याचा मॉल्ट करावा लागतो. आपण नाचणीचं सत्त्व करताना नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो, तोच प्रकार. मोड येताना दाण्यात जे पाचक रस तयार होतात, तेच पुढे पिठाची साखर करतात. हे काम थोड्या जवासाठी करून देणारा कारखाना त्यांना मिळेना. पहिला बेत तिथेच अडला.

मग नजर गेली रताळ्यांच्या ढिगाकडे. फार जाड, फार बारीक, वाकडी, सालीवर चरे पडलेली. चवीत काही कमी नाही, पण बाजारात त्यांना कोणी विचारत नाही. रताळ्यात पीठ भरपूर, आणि ते पीठ साखरेत बदलणारा रस त्याचा त्याच्याकडेच असतो. मंद आचेवर सावकाश भाजलं की रताळं इतकं गोड का होतं? आत जी साखर तयार होते ती माल्टोज. मॉल्टमध्ये मुख्यतः तयार होते तीच. भाजणाऱ्या बाईला हे नाव माहीत नसेल, पण घाई केली तर रताळं गोड होत नाही हे तिला पक्कं ठाऊक असतं.

1996 मध्ये रताळ्याची बिअर तयार झाली.

(दृश्य: कॅनच्या लेबलवरची बारीक अक्षरं.)

बिअर म्हणालो, पण जपानचा कायदा तसं म्हणत नाही. लेबलवर लिहिलंय हाप्पोशू. अर्थ, फेसाळणारं मद्य. बिअरमध्ये मॉल्ट, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि पाण्याखेरीज काय चालेल याची कायद्यात यादी आहे. तांदूळ चालतो. मका चालतो. बटाटासुद्धा चालतो. रताळं नव्हतं त्यात. म्हणजे एक कंद सोवळ्यात आणि दुसरा ओवळ्यात. आपल्या उपासालाही दोन्ही कंद चालतात हो!

2018 मध्ये यादी वाढली. फळं, मसाले, मध, चहा, कॉफी, अगदी कालवं आणि सुकवलेल्या बोनिटो माशाचा कीससुद्धा आत आला. रताळंही आलं. पण मॉल्टच्या वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंतच. त्याच्यावर घातलंत की पुन्हा हाप्पोशू.

(दृश्य: धूळ खात पडलेल्या बाटल्यांचं शेल्फ.)

जि-बिरूची लाट फार टिकली नाही. बाटली महाग, चव आज एक आणि उद्या दुसरी, लेबलवर किल्ला. पर्यटकाने एक विकत घ्यावी, घरी जाऊन शेजाऱ्याला द्यावी, शेजाऱ्याने एक घोट घेऊन गप्प बसावं. दुसऱ्यांदा कोण घेणार? कितीतरी ब्रुअऱ्या बंद पडल्या. प्रवासात घेतलेल्या चिवड्याच्या पाकिटाचं जे होतं तेच.

क्योदो शोजीही त्यातच होती. फरक एवढाच की तिने जर्मनीहून जाणकार बोलावून आपल्या माणसांना बिअर करायला नीट शिकवलं होतं. 2006 मध्ये आसागिरी शिगेहारू यांनी सगळं नव्याने मांडलं. आसागिरी या घरातले जावई. सासऱ्यांचा धंदा त्यांनी हाती घेतला आणि भेटवस्तूची बाटली हा विचारच सोडून दिला. ब्रँडचं नाव ठेवलं कोएदो, गावाचं लाडकं नाव. आणि बिअरना नावं दिली जपानी रंगांची.

शिरो, पांढरा. गव्हाची, किंचित गढूळ. शिक्कोकू, लाखेचा गडद काळा. बेनिआका, लालभडक. हे खरं तर रताळ्याच्या जातीचं नाव. 1898 मध्ये यामादा इची नावाच्या शेतकरी बाईला आपल्या शेतात एका वेलाला वेगळ्याच रंगाची, देखणी लाल रताळी लागलेली दिसली. ती त्यांनी जपली, आणि त्यांतून ही जात आली.

उरलेली दोन नावं ऐकताना मराठी कान टवकारतील. क्यारा म्हणजे अगरूचं उंची सुगंधी लाकूड, त्याचा तपकिरी-सोनेरी रंग. आणि रुरी. संस्कृतातलं वैडूर्य, पालीतलं वेळुरिय, बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये गेलं आणि जपानमध्ये पोचेपर्यंत घासून घासून रुरी झालं. वाटेत रत्नही बदललं. आपला वैडूर्य म्हणजे लसण्या, त्यांचा रुरी म्हणजे निळाशार लाजवर्द. बिअर मात्र सोनेरीच आहे, निळं आहे ते लेबल.

(दृश्य: लाकडी टेबल. पाच ग्लास एका ओळीत.)

चला, इथवर चालून आलो ते यासाठी. जपानमध्ये पिण्याचं कायदेशीर वय 20, आणि एक रीत लक्षात ठेवा: आपला ग्लास आपण भरायचा नाही. शेजाऱ्याचा भरायचा, तो तुमचा भरतो.

रुरी छान आहे, स्वच्छ, थंड, तक्रारीला जागा नाही. आठवणीत राहील असंही नाही. शिक्कोकू दिसते भारी आणि जिभेवर हलकी, भाजलेल्या कॉफीचा वास मागे ठेवून जाते. माझं मत तिला.

बेनिआका पहिल्या ग्लासात मागवू नका. सात टक्के अल्कोहोल आहे, आणि रताळं म्हणून ती गोडमिट्ट असेल असं समजून मोठा घोट घ्याल तर फसाल. रंग तांबूस. पहिल्यांदा भाजल्याचा खमंगपणा येतो, कढईच्या तळाला धरलेल्या गुळासारखा. गोडी मागून, तीही बेताची, आणि तिच्या पाठोपाठ हॉप्सचा कडवटपणा. रताळं कुठे आहे म्हणून शोधत बसलं की सापडत नाही. ग्लास अर्धा झाला, बिअर जरा कोमट झाली, की मग हळूच वर येतं.

एक खरं सांगून टाकतो. पर्यटकाला वाटतं की ही बिअर त्या काळ्या वखारींच्या मागे कुठेतरी उकळत असेल. तसं नाही. आधीची ब्रुअरी मियोशीत होती, तिथेच आपण ती लांब शेतं पाहिली. 2016 मध्ये ती हिगाशिमात्सुयामा या दुसऱ्या गावाला गेली. आणि गावातल्या जुन्या भट्टीतली साके, म्हणजे तांदळाची दारू, हवी असेल तर स्टेशनच्या वाटेवर कागामियामाची वखार आहे. 1875 ची ती भट्टी 2000 मध्ये बंद पडली, 2007 मध्ये दुसऱ्या हातांनी पुन्हा सुरू केली. जुन्या इमारतीत आता दुकानं आहेत. पण तो वेगळा ग्लास, वेगळा दिवस.

(दृश्य: संध्याकाळ. सहाचा टोला. दुकानांच्या फळ्या लागतात, रस्ता रिकामा.)

सहा वाजले. इथली दुकानं लवकर मिटतात. शेवटची गर्दी रताळ्याचे उरलेले काप संपवत स्टेशनकडे निघाली आहे.

(दृश्य: हिवाळ्याची सकाळ. पानगळ झालेली झाडी. बांबूच्या दात्यांनी पानं ओढण्याचा आवाज.)

आणि तिकडे सान्तोमेत जानेवारी उजाडला की माणसं शेताच्या टोकाला, झाडीत जातात. पानं ओढून बांबूच्या भल्यामोठ्या टोपलीत भरतात. टोपली भरली असं वाटलं की एक जण आत उतरतो आणि पायांनी तुडवतो. पानं खाली बसतात, आणखी मावतात. पुन्हा भरायची, पुन्हा तुडवायची. मग ती टोपली गडगडवत खताच्या ढिगापर्यंत न्यायची. तिथे ती पानं भिजतील, तापतील, काळी पडतील. शेतात जायला त्यांना अजून वर्ष-दोन वर्षं आहेत.